सुताचा नंबर

सूत्रकृमी म्हटल्यावर नायनानं विचारलं,
कुठल्या नंबरचं सूत? दहाचं, का दोन-वीसचं?
चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभा राहिलेला माणूस,
चिमटीत धागा चोळून काउंट सांगायचा.
मी म्हटलं, हे चोळायचं नसतं.
एक मिलिमीटर लांब. काचेसारखं.
पोटातली अंडी बाहेरून मोजता येतात.
"मग विणता काय तुम्ही त्याचं?"

काही नाही, नायना.
आम्ही बिघडवतो आणि बघत बसतो.

त्याच्या पेशींच्या भिंतींत पोटॅशियमसाठी दारं असतात,
सत्तरेक जनुकं नुसती ह्या दारांची.
दार उघडलं की पोटॅशियम बाहेर पडतं
आणि पेशी शांत होते,
रात्रपाळी सुटल्यावर साखर पेठेतला बोळ होतो तशी.
नाही, तशी नाही. बोळात कुणीतरी खोकतंच.

एक दार बिघडलं की अंडी घालता येत नाहीत,
पिल्लं आतच फुटतात आणि आईला खातात.
दुसरं बिघडलं तर दारू चढत नाही.
(शेजारचे मल्लय्या गुर्रम म्हणाले,
ते आधी आमच्या जावयात घाला.)

माझ्या वाट्याला आलेलं टीडब्ल्यूके-अठरा.
एमएच-तेरासारखं, आरटीओनं दिल्यासारखं नाव.
ह्या दाराला उष्मा कळतो.
माझ्या वाणात ते बिघडलेलं,
उकाडा वाढला की सताड.
वीस अंशांवर वळवळणारा किडा
तिसाला निपचित पडतो,
ताण सुटलेल्या धाग्यासारखा.
मेलेला नसतो. घसा अजून घुटके घेत असतो.

आता हे सोलापूर.
इथे वीस अंश ही हवा नसते, वीजबिल असतं.
मेच्या अकरा तारखेला दुपारी दोनला लाइट गेली,
बाहेर चव्वेचाळीस.
कोंडा मॅडम मानेला ओला रुमाल लावून म्हणाल्या,
जाऊ दे पोरी, पुन्हा मागवू.
मी जुना आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीशी ओढला.
पन्नासच्या पन्नास सरळ पडलेले.

मी सातवीत होते, असाच मे.
पहाटे चारला नायना मागापाशी बसला तो उठेना.
पाय होते, दुखत नव्हते,
नुसते त्याचे राहिले नव्हते.
धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
त्या पहाटे धागा तुटला नव्हता,
माग एकटाच विणत राहिला.
अम्मा म्हणत होती, ले, ले.
आमच्यात ले म्हणजे ऊठ.
सिव्हिलमधला शिकाऊ डॉक्टर म्हणाला, पोटॅशियम उतरलंय.
सलाइन लावलं.
संध्याकाळी नायना चालत घरी आला, चपला हातात घेऊन.
तो शब्द आमच्या घरात तेव्हा शिरला;
अम्माला रोगाचं नाव वाटला, मला औषधाचं.

हे आणि ते एक नाही.
इथे दार उघडं राहतं, तिथे रक्तातलं मीठच सरलं होतं.
दिसतं सारखं म्हणून सारखं लिहिलं तर
मॅडम लाल रेघ मारतील,
आणि बरोबरच मारतील.

उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला,
थर्माकोलच्या खोक्यात लादी,
लादीवर टॉवेलची घडी, आमच्याच मागावरची,
घडीवर ताटली.
दहा मिनिटं मी काही बोलले नाही.
मग एकाचं डोकं डावीकडे गेलं. थांबलं.
मग अख्ख्या अंगातून एक लाट, आगरवर तिची वळणदार खूण.
खोलीत कुणी नव्हतं, म्हणून हळूच म्हटलं: ले.

सत्तेचाळीस उठले. तीन नाही.
वहीत तसंच लिहिलंय.

रात्री नायना ताटावरून म्हणाला,
नंबर सांगितला नाहीस अजून.
मी म्हटलं, अंगभर मिळून तीनशे दोन चेतापेशी.
तेवढाच नंबर आहे त्याचा.
"तीनशे दोन? इतकं बारीक सूत नसतं, पोरी,"
म्हणाला,
आणि रिकामी चिमटी
बराच वेळ चोळत राहिला.